टेक ओव्हर कुणाकडून?

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या सरपंच सुमंगलाताई, नव्या कंपनीचे तरुण व्यवस्थापक देवेशबाब, व्यासपीठावरचे मान्यवर, व्यासपीठ लहान पडलं म्हणून पहिल्या रांगेत बसवलेले, पण मानानं कुठंही कमी नसलेले इतर मान्यवर, खाणीच्या धुळीत आयुष्य काढलेली माझी डिचोली तालुक्यातली माणसं, चंदगड-बेळगावकडून आलेली आणि आता आमच्याहून जास्त इथली झालेली कामगार मंडळी, भज्यांचा वास सर्वांत आधी यावा म्हणून मुद्दाम दाराशी उभे राहिलेले मित्र, आणि ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला, तो आपला सत्कारमूर्ती सगुण.

सगुण अजून आलेला नाही. शाल आली आहे, श्रीफळ आलं आहे, फोटोवाला केव्हाचा आला आहे. देवेशबाबांनी मघाशी माझ्या कानात सांगितलं, ‘मास्तर, तो येईपर्यंत तुम्ही जरा लांबवा.’ मंडळी, घंटा होईपर्यंत तास लांबवण्यात माझी सगळी नोकरी गेली. पण आज मला नुसतं लांबवायचं नाही. सगुण का आला नाही हे या सभागृहातल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे, आणि उरलेल्या निम्म्यांना ते कुणी सांगणार नाही. सत्काराच्या भाषणात असल्या गोष्टी बोलू नयेत असा संकेत आहे. अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून मी तो आज थोडा बाजूला ठेवतो.

ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी विनायक मास्तर. मूळ धारगळचा, पेडण्यातला, पण साखळीत इंग्रजी शिकवता शिकवता डिचोलीचा झालो. खाण जोरात चालली होती तेव्हा जुन्या कंपनीच्या साहेबांच्या मनात आलं की कामगारांना कामापुरतं इंग्रजी यावं. मशिनवरच्या सूचना इंग्रजीत, तपासणीला येणारे इंग्रजीत बोलणारे. म्हणून दर रविवारी पत्र्याच्या शेडमध्ये माझा वर्ग भरायचा. शिष्य माझ्याहून वयानं मोठे, हाताला ग्रीस, आणि फळ्याकडे बघण्याची पद्धत अशी की जणू मीच काहीतरी मोडून ठेवलं आहे आणि ते त्यांना दुरुस्त करायचं आहे.

त्या वर्गात मी एकदा ‘टेक ओव्हर’ शिकवायला घेतलं. इंग्रजीत ही एक गंमत आहे. साधं क्रियापद घ्यायचं, त्याच्या मागं एक छोटा शब्द जोडायचा, आणि त्याचा संसारच बदलून जातो. ‘टेक’ म्हणजे घेणे, हे पहिलीतल्या पोरालाही येतं. ‘टेक ओव्हर’ म्हणजे? एक माणूस काम करत होता, त्याच्याकडून ते दुसऱ्यानं आपल्याकडे घेतलं. पहिला अर्थ हा. दुसरा अर्थ, एका कंपनीनं दुसरी कंपनी आपल्या ताब्यात घेणं. त्याचा अनुभव आपण या वर्षी घेतलाच आहे, गेटवरची पाटी बदलली, चहा तोच राहिला. तिसरा, शेत पडीक टाकलं की रान त्याचा कब्जा घेतं, तो. चौथा माणसाच्या आतला. राग, भीती, दुःख, यांतलं एखादं माणसाचा ताबा घेतं आणि तो आपला राहत नाही. आणि पाचवा अगदी घरगुती. शेजारणीकडे नेवऱ्या, चंदगडकरांच्या करंज्या, नेऊन दिल्या, इकडून तिकडे पोचवल्या, तरी इंग्रज ‘टेक ओव्हर’च म्हणतो.

हे सगळं मी फळ्यावर मांडलं. शिष्यांनी त्यातला फक्त पहिला अर्थ घेतला आणि बाकीचे माझ्याकडे परत दिले. त्यांना गरज तेवढ्याचीच होती.

गरज काय होती ते समजण्यासाठी पंपहाऊस डोळ्यांसमोर आणा. आपल्या खाणीचा खड्डा किती खोल आहे हे इथं सांगायला नको. त्यात डोंगराचं पाणी सतत झिरपतं. ते उपसलं नाही तर खड्डा भरतो, बांधावर दाब येतो आणि खालच्या वाड्याची शेतं आणि घरं धोक्यात येतात. खाण बंद झाली तेव्हा डंपर थांबले, मशिनं थांबली, माणसं घरी बसली. पाणी काही बंद झालं नाही. म्हणून पंपही थांबला नाही. दिवसरात्र, तीन पाळ्यांत, एक माणूस तिथं हवाच.

आणि या पंपवाल्यांचा एक नियम होता. कुणा साहेबानं केलेला नव्हता, त्यांचा त्यांनी केलेला. पुढच्या पाळीचा माणूस आला की त्यानं पंपावर हात ठेवायचा आणि पाळी घेतल्याचं मोठ्यानं म्हणायचं. मग आधीच्यानं उत्तर द्यायचं. दोघांचं बोलून झाल्याशिवाय आधीच्यानं उंबऱ्याबाहेर पाय ठेवायचा नाही. आता म्हणायचं काय, यावर त्यांच्यात भांडण. इथले म्हणत ‘घेतलें’, चंदगडचे म्हणत ‘घेतलं’, बेळगावकडचा एकजण तिसरंच काही म्हणे. माझा धडा झाला आणि तंटा मिटला. घेणारा म्हणू लागला ‘टेक ओव्हर’ आणि देणारा म्हणू लागला ‘दिलं’. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. मी त्यांना पुष्कळ सांगितलं, अरे, हे असं कुठल्याच पुस्तकात नाही. त्या पंपवाल्यांतलाच सगुण मला म्हणाला, ‘मास्तर, पुस्तक पंपार कित्याक येतलें?’ पुस्तक पंपावर कशाला येईल, हेही खरंच.

आणखी एक पोटनियम होता. आपण ज्याला दिलं त्याच्याकडूनच लगेच परत घ्यायचं नाही. मध्ये तिसरा माणूस आलाच पाहिजे. नाहीतर दोन दोस्त आपापसांत देवघेव करून तिसऱ्याची पाळी बुडवतील, ही त्यामागची भीती. नियम कडक होता आणि त्यांनी तो पाळला. हा पोटनियम ध्यानात ठेवा म्हणून सांगत नाही, पण सगुणची सगळी अडचण तिथंच आहे.

आता शंकरबद्दल. नव्या मंडळींना हे नाव ठाऊक नसेल. शंकर चंदगडचा. सगुणची सकाळची पाळी, शंकरची दुपारची. म्हणजे रोज सगुणकडून पंप घ्यायचा तो शंकरनं. दोघांची मैत्री कसली विचारता? रोज पाच मिनिटांची. पण रोजची. शंकर आला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘पाणी कितीवर, सगुणभाऊ?’ सगुण सांगायचा, मग हात पंपावर, मग ते दोन शब्द, मग एक विडी. शंकरची बायको चंद्रभागाबाई आज इथं पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुमच्यासमोर हे बोलतो आहे, चुकलं तर थांबवा.

श्रावणातली गोष्ट. शंकर भावाच्या लग्नाची बोलणी करायला गावी गेला होता आणि दुपारच्या पाळीला हजर व्हायचं म्हणून सकाळीच मोटरसायकलनं निघाला. घाटात गाडी घसरली. तो जागीच गेला. घाटात मोबाइलला रेंज नाही, जाणाऱ्यायेणाऱ्यांना ओळख पटेना, त्यामुळे बातमी इकडे पोचायला संध्याकाळ झाली. संध्याकाळी कंपनीची जीप सगुणच्या दारात उभी राहिली आणि साहेबांनी विचारलं, ‘पंपावर कोण आहे?’

सगुण म्हणाला, ‘शंकर.’

साहेबांनी त्याला सांगितलं की शंकर सकाळीच गेला. सगुण म्हणाला, ‘साहेब, दनपारां शंकरान टेक ओव्हर केलां, म्हूण हांव घरा आयलों.’

मंडळी, मी इंग्रजीचा मास्तर. भुताखेतांचा तास माझ्याकडे कधीच नव्हता. म्हणून सगुणनं मला जे सांगितलं तेवढंच सांगतो, त्यात माझ्या पदरचं काही घालत नाही. शंकर नेहमीच्या वेळी आला. अंगावर रेनकोट होता, तो त्यानं काढला नाही. चहाला नको म्हणाला. सगुणला खटकलं ते एवढंच, की त्यानं पाणी कितीवर हे विचारलं नाही. उलट स्वतःच म्हणाला, ‘पाणी उतरलंय सगुणभाऊ, जावा तुमी.’ पंपावर हात ठेवला, ‘टेक ओव्हर’ म्हणाला. सगुण ‘दिलं’ म्हणाला आणि घरी गेला. तुम्ही असता तर तुम्हीही गेला असता.

सगळे पंपहाऊसवर धावले. तिथं कुणी नव्हतं. पंप चालू होता.

यात काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. सगुणनं चालू ठेवला होता, तो चालू राहिला. थांबा. त्या दिवशी दुपारी सबंध तालुक्यात वीज गेली होती. साखळीच्या बाजारात गिरणीत दळणं अडकली होती, माझ्या बायकोचंही त्यात होतं, त्यामुळे मला ते पक्कं आठवतं. वीज गेली की पंप थांबतो. तो पंप जुना होता, वीज आली म्हणून आपोआप सुरू होणारा नव्हता. थांबल्यावर त्यात हवा शिरते. मग व्हॉल्व्ह बंद करायचा, बादलीनं पाणी ओतून पंप भरायचा, स्टार्टर दाबायचा आणि मग व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा. हे करायला तिथं माणूस लागतो. बादली पंपाजवळ ओली होती. पाना बांकावर ठेवला होता. शंकर पाना बांकावरच ठेवायचा, बाकी सगळे तो खिळ्याला लावत.

चौकशी झाली. साहेबांनी सगुणला समजावलं, ‘तू उशिरापर्यंत थांबला होतास असं म्हण, प्रकरण मिटेल.’ दुसरे म्हणाले, ‘ताप होता, भास झाला म्हण.’ सगुण दोन्ही म्हणेना. माझ्याकडूनही त्याला समजावण्याचा प्रयत्न झाला, कारण नोकरी जाण्याची वेळ आली होती. मला म्हणाला, ‘मास्तर, तो आयलो ना म्हळ्यार, ताणें केल्लें काम वगडाक वता मरे.’ शंकरनं केलेलं काम फुकट जाईल म्हणून तो नोकरी घालवायला तयार होता. त्याला पंपावरून काढून गेटवर बसवलं. पण शंकरच्या पाळीला जायला कुणी तयार होईना. एकजण आला, आठवडाभरात गावी निघून गेला. शेवटी साहेबांनी निमूटपणे सगुणलाच बोलावलं आणि दुपारची पाळी दिली. तेव्हापासून शंकरची पाळी सगुण करतो.

आता चंद्रभागाबाईंचं ऐका. दिवसकार्य उरकून त्या सगुणच्या घरी आल्या. सगुणच्या पत्नी प्रभावतीवहिनी तिथं होत्या, त्यांनी मला हे सांगितलं. बाई रडल्या नाहीत. आपला नवरा खरंच आला होता का, हेही त्यांनी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, ‘सगुणभाऊ, तुमी त्यास्नी बगितलासा न्हवं? त्यांनी पंप घेटला न्हवं? मग त्यांच्याकडनं घेटला कुणी?’

मंडळी, ‘टेक ओव्हर’च्या मागं इंग्रजीत आणखी एक शब्द येतो, ‘फ्रॉम’. कुणाकडून घेतलं, ते सांगावं लागतं. हवेतून कुणी काही घेत नाही. त्या संध्याकाळी सगळे धावत गेले, गोंधळ झाला, रात्रीचा माणूस आला आणि काम पुढं चालू राहिलं. पण शंकरकडून घेतलं कुणीच नाही. त्याला ‘टेक ओव्हर’ असं कुणी म्हणालं नाही आणि त्यानं ‘दिलं’ असं म्हटलं नाही. आणि दिल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय ठेवायचा नाही.

म्हणजे तो अजून पाळीवर आहे. बाई तेव्हापासून तेच म्हणतात. सगुणही तेच मानतो.

सगुणनं प्रयत्न केला नाही असं नाही. रोज दुपारी गेला की आधी बांकाकडे तोंड करून म्हणायचा, ‘शंकर, टेक ओव्हर. वच तूं घरा.’ आणि उभा राहायचा. उत्तर येत नसे. येणार कसं? सगुणनंच शंकरला दिलं होतं. आपण दिलेलं आपणच परत घ्यायचं नाही, हा त्यांचाच नियम. तिसरा माणूस हवा. रात्रीच्या पाळीवाल्यांना त्यानं विनवलं. एकजण हसला, दुसऱ्यानं हात जोडले, तिसऱ्यानं बदली मागून घेतली.

मी एकदा गेलो होतो. भर दुपार होती, ऊन होतं, घाबरण्यासारखं काहीही नव्हतं. पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या जोडातून, पाणी थेंब थेंब गळत होतं; ते थोडं गळायचंच असतं, जास्त गळलं की पान्यानं नट आवळायचा. सगुण बांकाकडे वळून बोलला. आम्ही दोघं उभे राहिलो. उत्तर आलं नाही. पण गळणं कमी होत होत अगदी बेताचं झालं, जणू कुणी नट पाव वळसा आवळला. सगुणचे दोन्ही हात खिशात होते. माझेही. मी त्याला विचारलं, ‘हें कितें रे?’ तो म्हणाला, ‘काम करता तो. आनीक कितें करतलो?’ मंडळी, मी घरी आलो आणि जेवलो नाही. तिथं मला दिसलं काहीच नाही. पण कुणीतरी आपलं काम इतक्या शांतपणे करत बसलं आहे आणि त्याला जा म्हणायला कुणी नाही, ही कल्पना माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

आणि आता आजचा दिवस. नव्या कंपनीनं नवे पंप बसवले. उत्तम काम आहे, देवेशबाब, टाळ्या तुमच्या हक्काच्या आहेत. पाणी वाढलं की पंप आपोआप सुरू, उतरलं की बंद; सगळं ऑफिसातल्या पॅनलवरून. आज दुपारपासून जुना पंप बंद होणार, पंपहाऊसला कुलूप लागणार, पाळ्या संपणार. सगुण शेवटचा पंपवाला. देवेशबाब सकाळी त्याला म्हणाले, ‘सगुणकाका, पॅनलनं टेक ओव्हर केलं, तुम्ही मोकळे.’ सगुण म्हणाला, ‘पॅनल उलयना, बाब.’ आणि तिथंच बसला. पॅनल बोलत नाही, हे खरंच आहे. आज कुलूप लागलं की यापुढं त्या उंबऱ्याच्या आत पाळी घ्यायला माणूस म्हणून कधीच कुणी जाणार नाही. शंकर तिथं राहील. म्हणून सगुण सत्काराला आलेला नाही.

एकच माणूस आज शंकरकडून घेऊ शकतो. त्या पॅनलवर ज्याची नेमणूक झाली तो. नियमानं पाळी त्याची आहे. म्हणजे तिची आहे. ती मागच्या रांगेत खिडकीपाशी बसली आहे. शुभांगी, शंकरची मुलगी. बाप गेला तेव्हा पाळण्यात होती. आयटीआय करून आपल्या गुणांवर लागली, कुणाच्या चिठ्ठीवर नव्हे.

शुभांगी, तू सकाळी मला नाही म्हणालीस. जे म्हणालीस ते मी इथं सांगतो, रागावू नकोस, लोकांना तुझी बाजू कळायला हवी. मंडळी, शाळेत हिला पोरं चिडवायची, ‘तुजो बापूय पंपार आसा.’ ही मला म्हणाली, ‘सर, माझ्या पप्पांना मी फक्त फोटोतून ओळखते. गावानं त्यांचं भूत केलं. मी तिथं जाऊन बोलले आणि कुणीच काही म्हणालं नाही, तर इतकी वर्षं आई कुणाची वाट बघत होती? आणि उत्तर आलं, तर? आयुष्यात एकदाच त्यांचा आवाज ऐकायचा आणि तोही त्यांना घालवण्यासाठी?’

मी एवढंच म्हणेन, पोरी, की तू गेलीस तर तुला वाईट वाटेल, आणि नाही गेलीस तरी वाटेल. पण त्या बांकावर बसलेल्याला तुझ्याखेरीज कुणी नाही, आणि त्याच्याशेजारी बसलेल्या म्हाताऱ्यालाही.

ती उठली.

जाऊ दे तिला, वाट द्या. दाराशी उभे असलेले मित्र, एवढा वेळ भज्यांसाठी थांबलात, आता दोन पावलं बाजूला व्हा. पंपहाऊस स्कूटरनं फार लांब नाही. तोपर्यंत मी सगुणबद्दल जे सत्कारात बोलायचं असतं ते बोलून घेतो.

सगुण वक्तशीर. सगुण निर्व्यसनी, विडी सोडल्यास, आणि तीही शंकर गेल्यापासून त्यानं एकट्यानं ओढलेली मी पाहिली नाही. सगुणनं पुरात दोन पाळ्या सलग केल्या. सगुणचं हसणं मोठं होतं. होतं म्हणतो, कारण पुढं ते कमी झालं. लोक त्याच्याशेजारी चहाला बसेनासे झाले. बसमध्ये त्याच्याबाजूची जागा रिकामी राहायची. पुष्कळांनी त्याला वेडा ठरवला. त्यानं कुणाला उलट शब्द ऐकवला नाही. एकही सण घरी पूर्ण केला नाही. प्रभावतीवहिनी चवथीचं ताट झाकून ठेवायच्या आणि हा पाळी संपवून यायचा. त्यांना पण एक शाल हवी होती, देवेशबाब, निदान टाळ्या तरी द्या. मी एवढी वर्षं ‘टेक ओव्हर’चा चौथा अर्थ शिकवला, की एखादी गोष्ट माणसाचा ताबा घेते. उदाहरण म्हणून राग सांगायचो, भीती सांगायचो. एका माणसाला दिलेला शब्दही असा ताबा घेतो, हे मला सगुणला पाहून कळलं आणि

माफ करा. फोन वाजतो आहे. शुभांगीचा आहे. सुमंगलाताई, उचलू का? उचलतो.

‘हां, बोल गो. पोचलीस? सगुण काय म्हणतो? ... मोठ्यानं लावू? सगळ्यांना? ... बरं.’

मंडळी, सगुणचं म्हणणं आहे की घेताना आणि देताना साक्षीला सगळ्यांनी असावं. फोन माइकपाशी धरतो. पंखे जरा बंद करा. हा घरघर आवाज येतो तो पंपाचा. ऐकू येतंय मागं?

ती पंपावर हात ठेवते आहे म्हणाली. आता बोलू नका कुणी.

…

‘पप्पा. टेक ओव्हर.’

…

तुम्ही ऐकलंत. मी विचारत नाही, तुमचे चेहरे बघतो आहे. ‘दिलं’ असं कुणीतरी म्हणालं.

‘सगुण, अरे, तू म्हणालास? ... ना? ... नाही रे, इथं कुणी तोंड उघडलेलं नाही, सगळं सभागृह साक्षीला आहे. आम्हाला वाटलं तू. ... शुभांगीला दे. ... रडते आहे? रडू दे. तिच्याजवळ बस. ... हो, पंप बंद करा आता. हो. दोघं मिळून करा.’

थांबला. आवाज थांबला.

मंडळी, इतक्या वर्षांत, वीज गेल्याखेरीज, त्या बाजूनं येणारा हा आवाज कधी थांबला नव्हता, आणि आता मला माझंच बोलणं फार मोठं वाटतं आहे. आवाज कुणाचा होता, हे मी सांगू शकत नाही. शंकर माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा आणि फारसा बोलायचा नाही. त्याचा आवाज ओळखेल असं इथं एकच माणूस आहे.

चंद्रभागाबाई, उठलात? बसा की, सगुण येतोच आहे, शुभांगी येईल त्याच्याबरोबर.

काय म्हणता? जरा मोठ्यानं बोला, बाई, माइक नाही तुमच्यापाशी.

मंडळी, त्या म्हणताहेत, ‘मी पुढं जातो मास्तर. घराला कुलूप हाय. त्यास्नी दारात हुबं ऱ्हायला लागंल.’

त्यांना वाट द्या. कुणीतरी गाडी काढा, देवेशबाब, लवकर, चालत नका पाठवू.

सगुण आला की शाल त्याला सुमंगलाताईंनी घालावी. माझ्याच्यानं आता ते होणार नाही. मला बोलायला दिलंत, ठरल्याहून कितीतरी जास्त ऐकून घेतलंत, भजी निवली तरी कुणी कुरकुर केली नाही, याबद्दल अध्यक्षांचा, कंपनीचा आणि तुम्हा सर्वांचा मी ऋणी आहे. सत्काराच्या जागी जे बोलू नये ते बोललो असेन, जिवंत आणि मेलेल्या कुणाचा मान राखण्यात कमी पडलो असेन, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. नमस्कार.